मुळाचा पत्ता

महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय उघडून पाहावा. विषय, विभाग, क्रमांक आणि दिनांक झाला की मुख्य मजकुराआधी बहुधा 'वाचा' किंवा 'संदर्भ' असा एक शब्द येतो. त्याखाली आधीचे निर्णय, परिपत्रके आणि पत्रे क्रमांक-तारखांसह ओळीने मांडलेली असतात. शेवटी, सहीच्या वर, आणखी एक ठरावीक परिच्छेद असतो: हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. भाषा कोरडी आहे, पण तिने वाचणाऱ्याची फार मोठी सोय केली आहे. हा निर्णय कोणत्या आधारावर उभा आहे आणि तो स्वतः कुठे सापडेल, ही दोन्ही उत्तरे त्या कागदावरच आहेत. आता हाच निर्णय मोबाइलवर कसा पोहोचतो ते पाहावे. 'शासनाचा महत्त्वाचा निर्णय' अशी ठळक ओळ, खाली पाच-सहा वाक्यांत सारांश, आणि सर्वांना पाठवा अशी विनंती. क्रमांक गळलेला, तारीख गळलेली, संकेतांक तर नाहीच. शिक्षकाच्या बदलीचा प्रश्न असो, शेतकऱ्याच्या अनुदानाचा असो की विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचा, ज्याचे पोट किंवा शिक्षण त्या कागदावर अवलंबून आहे त्याला सेतू केंद्रात किंवा तहसील कार्यालयात जाऊन विचारावे लागते की हे खरे आहे का. ज्याने सारांश लिहिला त्याच्यासमोर मूळ कागद होता. त्याचा पत्ता पुढे द्यायला त्याला अर्धे मिनिट पुरले असते. त्या अर्ध्या मिनिटाविषयी मला लिहायचे आहे. इंटरनेटवर मराठीत लिहिणाऱ्याने विधान ज्या आधारावर केले त्याची लिंक मजकुरातच जोडावी, आणि ती जोडेपर्यंत लेखन पुरे झाले असे मानू नये, असे माझे म्हणणे आहे.

लिंक ही कल्पना जन्माला आली तीच मुळी हरवणाऱ्या माहितीच्या चिंतेतून. १९४५ च्या जुलैमध्ये व्हॅनेव्हर बुश यांनी 'अटलांटिक मंथली' मासिकात एका यंत्राची कल्पना मांडली. अभ्यासक वाचता वाचता एका कागदाला दुसरा जोडत जाईल आणि ती वाट पुढच्या माणसाला जशीच्या तशी सोपवता येईल, अशी ती योजना होती. टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये अशा जोडलेल्या मजकुराला 'हायपरटेक्स्ट' हे नाव दिले. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ च्या मार्चमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत आपला प्रस्ताव दिला, तेव्हा त्यांची अडचण अगदी व्यवहारातली होती. सर्नमध्ये संशोधक येत, दोनेक वर्षे काम करत आणि जात. त्यांच्याबरोबर कोणती माहिती कुठे आहे याचे ज्ञानही जाई. नेल्सन यांच्या कल्पनेतली लिंक दोन्ही टोकांना दिसणारी आणि कधी न तुटणारी होती. बर्नर्स-ली यांनी एका बाजूने जाणारी साधी लिंक पत्करली. ज्या पानाकडे बोट दाखवायचे त्याच्या मालकाची परवानगी नको, त्याला कळवायलाही नको. म्हणूनच वेब जगभर पसरले, आणि म्हणूनच लिंक तुटूही शकते, कारण पलीकडचे पान हलले तर अलीकडच्याला कोणी सांगत नाही. १९९३ च्या ३० एप्रिलला सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. तेव्हापासून कोणत्याही गावातल्या कोणत्याही माणसाच्या हाती एक अधिकार आला: मी जे म्हणतो ते ज्यावरून म्हणतो ते हे पाहा, असे एका स्पर्शाच्या अंतरावर दाखवण्याचा. छापील पुस्तकातली तळटीप ग्रंथालयापर्यंत जाऊ शकणाऱ्यालाच उपयोगी पडे. लिंकने ती अट पुष्कळशी सैल केली.

हा अधिकार न वापरल्याने काय होते याचा सर्वांत वेदनादायक पुरावा महाराष्ट्रातच आहे. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच माणसांना ठार मारले. मारले गेलेले, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागून जगणारे लोक होते. त्या महिन्यांत देशभर अशाच अफवा मोबाइलवरून पसरत होत्या. त्यांच्यासोबत फिरणाऱ्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेताना दिसत. ती मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी केलेली होती. मूळ चित्रफितीत मूल लगेच परत आणून सोडले जाते आणि संदेशाचा फलक दाखवला जातो. फिरणाऱ्या तुकड्यात हा शेवट कापलेला होता. मूळ चित्रफीत गुप्त नव्हती, दुर्मीळ नव्हती. तिच्यापर्यंत जाणारा धागा तेवढा प्रत्येक हाताने गाळला. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. दोन्ही उपाय योग्यच होते. पण ती खूण सांगते ते इतकेच की हा मजकूर पाठवणाऱ्याचा नाही. मग कोणाचा, हा प्रश्न ती तशीच ठेवते. लिंक दिल्याने जमाव थांबला असता असे मी म्हणणार नाही. भडकलेला माणूस तपासायला बसत नाही. पण भडकण्याआधी तो संदेश हजारो शांत माणसांच्या हातांतून गेलेला असतो. मुळाचा पत्ता मागण्याची सवय त्या शांत माणसांत असती, तर त्यांतले काही हात तरी थांबले असते.

ही सवय आपल्याला परकी आहे असे मात्र कोणी म्हणू नये. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडांमागून खंड प्रसिद्ध केली, ती मूळ पत्रे छापून. प्रत्येक पत्राला लेखांक दिला. त्यामुळे आजही अभ्यासक खंड आणि लेखांक एवढे लिहितो आणि दुसरा अभ्यासक नेमक्या त्या पत्राशी पोहोचतो. राजवाड्यांची स्वतःची कितीतरी अनुमाने पुढच्या पिढ्यांनी खोडून काढली, आणि खोडता आली ती त्यांनीच पुढे ठेवलेल्या साधनांमुळे. लेखकाने वाचकाला आपल्याविरुद्धही वापरता येईल असा पुरावा द्यावा, हा मोठेपणा त्या कामात आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्तीही याच जातीची. वर स्वीकारलेला पाठ, खाली कोणत्या हस्तलिखितात काय वेगळे आहे त्याची नोंद. संपादकांचा निर्णय ज्याला पटत नाही त्याने त्याच पानावर खाली पाहावे आणि आपला निर्णय आपण करावा. ज्या भाषेच्या अभ्यासकांनी कागद आणि शिशाच्या खिळ्यांच्या काळात एवढे कष्ट घेतले, त्या भाषेतला आजचा लेख 'एका अभ्यासानुसार' असे लिहून पुढे सरकतो, हे मला खटकते. कोणता अभ्यास, कोणी केला, कधी केला? 'तज्ज्ञांच्या मते', 'इतिहास सांगतो', 'असे सिद्ध झाले आहे' या शब्दांनी वाक्याला वजन येते, पण त्या वजनाखाली काय आहे ते वाचकाला कळत नाही.

यावर पहिला आक्षेप वाचनाच्या बाजूने येतो आणि तो हलका नाही. मजकुरात जागोजागी निळे, अधोरेखित शब्द असले की डोळा अडखळतो; प्रत्येक ठिकाणी जावे की राहावे असा छोटासा निर्णय मनाला करावा लागतो. निकोलस कार यांनी २०१० च्या 'द शॅलोज' या पुस्तकात हेच मांडले, आणि लिंक्स मजकुराच्या शेवटी एकत्र ठेवण्याच्या कल्पनेचाही त्यांनी पुरस्कार केला. ललित लेखनाला तर हा आक्षेप अधिकच लागू पडतो. त्यातले सत्य मी मान्य करतो, आणि त्यातून निघणारा निष्कर्ष असा काढतो की लिंक जोडणे हे लेखनाइतकेच जपून करायचे काम आहे. प्रत्येक नामाला लिंक नको. मुंबई हा शब्द आला म्हणून मुंबईची माहिती जोडणे हा निव्वळ उत्साह झाला. ज्या विधानावर वाचक शंका घेऊ शकेल, जो आकडा लेखकाने दुसरीकडून उचलला आहे, ज्या माणसाचे म्हणणे तो सांगतो आहे, तिथेच ती हवी. आणि ती कोणत्या शब्दांवर बसवायची याला फार महत्त्व आहे. 'येथे क्लिक करा' हे आपल्याकडचे सर्वांत रुळलेले वाक्य सर्वांत निरुपयोगी आहे. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर वापरतो तेव्हा तो पानावरच्या सगळ्या लिंक्सची यादी ऐकू शकतो. त्या यादीत दहादा 'येथे क्लिक करा' ऐकून त्याला काय समजणार? वेबच्या सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे नेमके हेच सांगतात की लिंकच्या शब्दांवरून, किंवा निदान आजूबाजूच्या वाक्यावरून, ती कुठे नेते हे कळले पाहिजे. 'महसूल विभागाचा मूळ निर्णय' या चार शब्दांवर लिंक बसवली की डोळस वाचकाचीही सोय होते: न उघडताच त्याला कळते की पलीकडे काय आहे, आणि विश्वास असेल तर तो तसाच पुढे वाचत जातो.

देवनागरीत लिहिणाऱ्याला ही काळजी आणखी एका कारणासाठी घ्यावी लागते. मराठी विकिपीडियावरच्या पानाचा पत्ता ब्राउझरच्या पट्टीत देवनागरीत दिसतो, पण तो उचलून दुसरीकडे चिकटवला की पुष्कळदा टक्क्यांची चिन्हे, आकडे आणि रोमन अक्षरे यांची लांबच लांब रांग उमटते. कारण साधे आहे. संगणक युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवतो, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. त्यामुळे 'पुणे' या दोन अक्षरांच्या गावाला पत्त्यात ३६ जागा लागतात आणि 'महाराष्ट्र' या शब्दाला ९०. ती रांग मध्येच एका ठिकाणी तुटली की पत्ता गेला. अनेकजण ती भयानक रांग पाहूनच लिंक देणे टाळतात, किंवा पत्ता लहान करून देणाऱ्या सेवेकडे वळतात. अशा छोट्या पत्त्यावरून मूळ जागा कोणती ते ओळखता येत नाही, आणि ती सेवा बंद पडली की तिच्यावर टांगलेले सगळेच पत्ते धोक्यात येतात. त्यापेक्षा मजकुरातले दोन-तीन नेमके शब्द निवडावेत, लिखाणाच्या पट्टीवरचे साखळीचे चिन्ह दाबावे आणि पूर्ण पत्ता त्या शब्दांमागे ठेवावा. जिथे तशी सोय नाही, म्हणजे साध्या संदेशात, तिथे लिंक वेगळ्या ओळीवर द्यावी आणि पत्त्याला लागून पूर्णविराम किंवा कंस ठेवू नये, नाहीतर तोही पत्त्याचा भाग समजला जाण्याची भीती असते. या बारीक गोष्टी शिकायला एक दुपार पुरे आहे, आणि पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात त्यांना ती दुपार मिळालीच पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की लिंक्स मरतात, मग एवढा खटाटोप कशाला. मरतात हे खरेच आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ सालच्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. इंग्रजी विकिपीडियाच्या तपासलेल्या पानांपैकी ५४ टक्के पानांच्या संदर्भांत किमान एक लिंक मेलेली होती. हार्वर्डच्या अभ्यासकांना त्याआधी आढळले होते की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या लिंक्सपैकी सुमारे निम्म्यांच्या पलीकडे मूळ मजकूर उरला नव्हता. न्यायनिवाड्याचा आधारच नाहीसा व्हावा ही गंभीर गोष्ट आहे, आणि म्हणून हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने उद्धृत केलेल्या पानाची प्रत जपून ठेवणारी सेवा उभी केली. मराठीत तर ही पडझड दुहेरी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्या वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या फॉन्टांत होती, आणि त्या काळातले एखादे पान सापडले तरी फॉन्टाअभावी ते वाचता येत नाही. पण या साऱ्यातून निघतो तो धडा लिंकशेजारी शब्दांतही पत्ता लिहिण्याचा. लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, प्रकाशनाचे नाव आणि तारीख या चार गोष्टी वाक्यातच गुंफल्या की लिंक मेल्यावरही वाचक मजकूर शोधू शकतो. शासन निर्णयाचा क्रमांक आणि संकेतांक दिला की संकेतस्थळाची रचना बदलली तरी कागद सापडतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून निकालांना वर्ष आणि क्रमांक असलेला स्वतःचा संदर्भ द्यायला सुरुवात केली, ती कोणत्याही एका प्रकाशकावर किंवा संकेतस्थळावर अवलंबून राहू नये म्हणूनच. शिवाय इंटरनेट अर्काइव्ह ही १९९६ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. तिच्या 'वेबॅक मशीन'मध्ये कोणालाही एखाद्या पानाची प्रत विनामूल्य जतन करता येते. महत्त्वाचा मराठी मजकूर उद्धृत करताना त्याची प्रत तिथे ठेवली, तर आपण आपल्या लेखाबरोबर दुसऱ्याचाही लेख वाचवतो.

तिसरा आक्षेप नैतिक आहे: चुकीच्या किंवा द्वेषाच्या मजकुराची लिंक दिली तर आपण त्याचा प्रसार करत नाही का? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे बदनामीच्या एका दाव्यात हाच प्रश्न आला होता. २०११ मध्ये न्यायालयाने ठरवले की नुसती लिंक देणे म्हणजे तो मजकूर स्वतः प्रसिद्ध करणे नव्हे. ती तळटिपेसारखा निर्देश आहे. लिंकभोवतीच्या शब्दांत बदनामीकारक मजकूर पुन्हा सांगितला तर गोष्ट निराळी. हा विचार मला पटतो. पण कायद्याने दोष नाही म्हणून प्रश्न संपत नाही, कारण लिंकला बाजारातही किंमत आहे. गुगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये मांडलेली क्रम लावण्याची रीत अशी होती की ज्या पानाकडे अधिक आणि वजनदार लिंक्स येतात ते पान अधिक महत्त्वाचे. त्याचा गैरफायदा घेणारे इतके झाले की २००५ मध्ये, या लिंकला मत समजू नये, असे सांगणारी खूण आणावी लागली. ज्याचे खंडन करायचे आहे त्याची लिंक देताना ती खूण वापरावी, किंवा जतन केलेल्या प्रतीकडे बोट दाखवावे. न देणे मात्र योग्य नाही. विरोधकाचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडून त्याला उत्तर देणारा लेखक वाचकाला निवाडा करू देत नाही. खोटी वजनदार लिंक हा आणखी एक दोष आहे. पान उघडावे तर तिथे तो दावाच नसतो, किंवा संस्थेच्या मुखपृष्ठावर आणून सोडलेले असते आणि पुढे शोधा म्हणून सांगितलेले असते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी संगणकाने रचून दिलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल संदर्भ म्हणून सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. ते संदर्भ दिसायला निर्दोष होते. त्यांचे खोटेपण उघड झाले, कारण कोणीतरी त्या पत्त्यावर गेले. आज यंत्राकडून क्षणात उत्तर मिळते, तेव्हा त्या पत्त्यावर स्वतः जाऊन येणे हे लिहिणाऱ्याचे पहिले काम झाले आहे.

मोठी समाजमाध्यमे या सवयीला अनुकूल नाहीत हे मला ठाऊक आहे. वाचक बाहेर गेला तर त्यांचे नुकसान होते. इन्स्टाग्रामवर चित्राखालच्या मजकुरात लिहिलेला पत्ता दाबून उघडता येत नाही, म्हणून लिंक परिचयाच्या जागेत आहे असे सांगत बसावे लागते. बातमीचे कात्रण छायाचित्र होऊन फिरते आणि त्यावरची तारीखसुद्धा कापलेली असते. अशा ठिकाणी निदान वृत्तपत्राचे नाव आणि तारीख लिहिणे कोणी अडवलेले नाही. संपादकांच्या हातात याहून अधिक आहे. डिजिटल दिवाळी अंक आणि नियतकालिकांच्या संपादकांनी लेख स्वीकारताना आधारांच्या लिंक्स मागाव्यात, आणि प्रत्येक लिंक उघडून पाहून मगच लेख प्रसिद्ध करावा. आणि वाचकांकडे माझी एक विनंती आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या कित्येक पानांवर वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात 'संदर्भ हवा' असे लिहिलेले आढळते. आपल्या गावाचे, आपल्या विषयाचे, आपल्या आवडत्या लेखकाचे पान उघडा. अशी एक जागा शोधा, विधान खरे आहे का ते पाहा, आणि आधार सापडला तर तिथे जोडा. सापडला नाही, तर चर्चेच्या पानावर तसे नोंदवा.